मलकापूरच्या गाडीत वाचलेली कादंबरी

मला टेबलावर लिहिता येत नाही. घरात सागवानी टेबल आहे, खुर्ची आहे, बायकोनं हौसेनं आणलेला वाकत्या मानेचा दिवा आहे, आणि एवढ्या थाटात त्या टेबलावर माझ्या हातून आजवर काय लिहून झालं, तर मेहुणीच्या मुलाच्या लग्नपत्रिकेचा मजकूर. कादंबरी म्हणून जे काही झालं ते सगळं कोल्हापूर-मलकापूर रस्त्यावर, एसटीच्या लाल गाडीत, मांडीवर परीक्षेचं पॅड ठेवून झालं. मोठे लेखक आपल्या लेखनाच्या सवयींबद्दल बोलतात तेव्हा त्यात पहाट असते, नदीकाठ असतो, ठरावीक शाई असते. माझ्या सवयीत डाव्या बाजूची तिसरी सीट होती.

मी मलकापूरच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. घर कोल्हापुरात. सकाळी दीड तास जाणं, संध्याकाळी दीड तास येणं. पहिली बरीच वर्षं मी बाकीच्या पासवाल्यांसारखीच झोपण्यात घालवली. समोरच्या दांड्यावर कपाळ टेकून झोपायची कला मला साधली होती आणि तिचा मला अभिमानही होता. मग चाळिशी ओलांडल्यावर कधीतरी कादंबरी लिहायचं खूळ डोक्यात शिरलं. घरात सांगायची लाज वाटली, म्हणून गाडीत सुरू केलं. पेन धक्क्यांनी कागद फाडायचं, त्यामुळं पेन्सिल. खिशात शार्पनर. पोरांच्या वह्यांतली उरलेली कोरी पानं.

पंचगंगेचा पूल ओलांडेपर्यंत काही सुचत नसे. केर्लीपर्यंतचा रस्ता सरळ, तिथं संवाद भराभर उतरायचे. वाघबिळाची वळणं आली की पेन्सिल कानावर ठेवून नुसता विचार करायचा. आजही एखादं पान हातात घेतलं की अक्षरावरून मी सांगू शकतो की ते कुठं लिहिलंय. चैत्रात जोतिबाहून उतरलेले यात्रेकरू केर्लीला चढत आणि त्यांच्या अंगावरचा गुलाल माझ्या पानांवर सांडे. एक प्रकरण अजून गुलाबी आहे. शेजारचा माणूस हमखास मान लांब करून बघायचा आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचा, "पावणं, काय लिवताय?" मी म्हणायचो, पेपर तपासतोय. आमच्याकडं एवढं सांगून माणूस गप्प बसत नाही. "मग लाल पेन कुठाय?" असं मागनं कुणीतरी विचारायचंच.

बोरपाडळ्याला अण्णा चढत. ते सरकारी मोजणीदार होते. तालुक्याच्या मोजणी कार्यालयात नोकरी, राहायला कोडोलीला. कोडोलीहून मोटारसायकलनं बोरपाडळ्याला यायचे, चहाच्या टपरीमागं गाडी लावायचे आणि एसटी पकडायचे. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे, उंच, उन्हानं रापलेले. सगळी गाडी त्यांना अण्णाच म्हणायची. त्यांची जागा माझ्या शेजारी धरलेली असे. एक दिवस ते बसले आणि माझ्या पॅडकडं बघून म्हणाले, "सर, महिनाभर बघतोय. एवढा लांबलचक अर्ज कुणाला करताय?"

मी खरं सांगून टाकलं. म्हटलं, कादंबरी आहे, एका गिरणीवालीची. पिठाची गिरणी चालवणारी बाई.

"तिचं काय?"

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारलाच नव्हता. मी सांगत सुटलो आणि मलकापूर कधी आलं ते कळलं नाही. उतरताना अण्णा म्हणाले, "संध्याकाळी जाताना वाचून दावा."

त्या दिवसापासून आमचा क्रम ठरला. सकाळी कोल्हापूर ते बोरपाडळे मी लिहायचं. बोरपाडळ्यापासून मलकापूरपर्यंत अण्णांशी गप्पा. संध्याकाळी मलकापूर सुटलं की सकाळचं पान मी त्यांना वाचून दाखवायचं. बोरपाडळ्याला ते उतरले की कोल्हापूर येईपर्यंत, त्यांनी खोडलेलं मी दुरुस्त करायचं. बहुतेक रोज काहीतरी खोडलेलं असायचंच. अण्णांनी आयुष्यात कादंबरी वाचली नव्हती, त्यामुळं कादंबरीचा धाक त्यांना नव्हता. एकदा माझ्या पानात तिघीजणी बांधावरून गप्पा मारत शेजारी शेजारी चालल्या होत्या. अण्णा म्हणाले, "बांध हाय का हायवे? जन्म गेला माझा बांध मोजण्यात. तिघी चालत्यात व्हय बांधावरनं?" मी त्या तिघींना एकीमागं एक केलं आणि काय गंमत, मागं राहिलेलीला पुढच्या दोघींचं बोलणं नीट ऐकू येईना, आणि त्यातून पुढची चार पानं आपोआप निघाली. गिरणीवालीचा भाऊ पहिल्यांदा बोलला तेव्हा म्हणाले, "ह्यो गडी मास्तरागत बोलतोय. ह्याला शाळंतनं काढा." मला राग यायचा. मी तसा पटकन रागावणारा माणूस आहे. पण केर्ली येईपर्यंत राग उतरायचा आणि मी भावाला शाळेतून काढायचो.

कादंबरीत पुढं गिरणीवालीचा बाप वारतो आणि भाऊ तिच्याकडं हक्कसोडपत्रावर सही मागायला येतो. बापाच्या जमिनीत लेकीचाही वाटा असतो. तो तिनं भावाच्या नावे सोडून दिल्याचा हा कागद. आमच्याकडं बहुतेक बहिणी मुकाट्यानं सही करतात, साडी घेतात आणि माहेर टिकवतात. माझी गिरणीवाली काय करणार यावर सगळी कादंबरी उभी होती, आणि तेच मला ठरवता येत नव्हतं. अण्णा बोरपाडळ्याला चढले की पास दाखवायच्या आधी विचारायचे, "काय, केली का सही?" कंडक्टरबाईसुद्धा तिकिटं फाडता फाडता कान इकडं लावून असायच्या. त्यांचं मत पक्कं होतं. "करू नगं म्हणावं तिला," त्या पुढून ओरडायच्या. "हितं मी लिहून दिलंय आन् पस्तावलोय."

एका संध्याकाळी वाचून झालं तेव्हा अण्णांनी काहीच खोडलं नाही. बांबवडे मागं पडलं. खिडकीबाहेर ऊसतोडीचे ट्रॅक्टर चालले होते. तिकडंच बघत ते म्हणाले, "माझ्या भणीनं केलती सही. वडील गेल्यावर मीच घेतली. सही करून भायेर आलो, मी इचारलं, राग आला का गं? न्हाय म्हणाली." थोड्या वेळानं म्हणाले, "कोल्हापुरात असती. भाऊबीजंला येती, ववाळती, जाती. बोलणंचालणं समदं हाय. पर वीस-बावीस वर्सं झाली, तवा तिच्या मनात काय आलं आसंल ते मला कळंना झालंय. तुमची गिरणीवाली सही करू दे न्हायतर न करू दे. तिच्या मनात काय येतंय तेवढं नीट लिवा, सर. मला ते ऐकायचं हाय."

एवढी जबाबदारी माझ्यावर कुणी टाकली नव्हती. शाळेनंसुद्धा नाही. मी हो म्हणालो आणि घाबरलो. ते प्रकरण तेव्हाच्या तेव्हा लिहायची माझी हिंमत होईना, म्हणून मी आजूबाजूची प्रकरणं लिहीत राहिलो. याच दिवसांत एजंटचं खूळ आलं.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. दिवाळीत घरी आला तेव्हा त्याला मी कादंबरीचं सांगून बसलो. तो म्हणाला, "सर, आता प्रकाशकाकडे बाड घेऊन जायचे दिवस गेले. लिटररी एजंट गाठा. तो तुमच्या वतीनं बोलतो, भाषांतराचं बघतो." शाळेच्या स्टाफरूममध्ये मी ही बातमी सांगितली तेव्हा इतिहासाच्या सरांनी विचारलं, विम्याचा का आरटीओचा? त्यानंतर मी तिथं हा विषय काढला नाही. पण डोक्यातून जाईना. रविवारी मी नेटवर एजंट शोधत बसू लागलो. मिळाले ते बहुतेक दिल्लीचे, इंग्रजीवाले. कुणी लिहिलं होतं की मराठी बघत नाही. कुणी काहीच लिहिलं नव्हतं. तरी मी पत्रं पाठवत राहिलो. रोज वर्गात जाण्याआधी मोबाइल उघडून मेल बघायचो आणि प्रकाशाचं परावर्तन शिकवताना माझं तोंड उतरलेलं असायचं.

सगळ्यात छळलं ते सारांशानं. एजंटला म्हणे कादंबरीचा एका पानाचा सारांश लागतो. जी गोष्ट सांगायला मला तीनशे पानं लागली ती एका पानात कशी बसवायची? सात-आठ वेळा लिहिलं आणि फाडलं. शेवटी अण्णांनीच वाट काढली. म्हणाले, "कागदात जमिनीची चतुःसीमा लिवत्यात बघा. पूर्वेला ह्याचं रान, पश्चिमेला त्याचं, दक्षिणेला वाट, उत्तरेला वढा. मग जमीन कुठली ते कुणालाबी कळतंय. तुमच्या बाईची चतुःसीमा लिवा की." मी तसंच लिहिलं. गिरणीवालीच्या पूर्वेला तिचा भाऊ, पश्चिमेला सासर, दक्षिणेला गिरणीचा पट्टा आणि त्याचा आवाज, उत्तरेला बापाचं रान. मध्ये ती. अर्ध्या तासात झालं. बांबवड्यापासून पैजारवाडीपर्यंत.

त्या चतुःसीमेनंच काम केलं. मुंबईच्या एका एजंटबाईंचं उत्तर आलं. मराठीतून भाषांतरासाठी काही पुस्तकं बघतेय, तुमचा सारांश वेगळा वाटला, झालेली सगळी पानं पाठवा, शेवट झाला की तोही पाठवा. शाळेत प्रवेशाची कामं सुरू झाली होती, जूनचा पहिला आठवडा. मी ते पत्र स्टँडवर उभ्या उभ्या चारदा वाचलं. पत्राच्या खाली अटी होत्या. त्यातली एक अशी की निर्णय होईपर्यंत लेखकानं हे लेखन अन्य कोणासही दाखवू नये.

आता इथं माझी सव्वीस वर्षांची नोकरी समजून घ्यायला हवी. शिक्षक माणूस परिपत्रकावर जगतो. परिपत्रकात ‘कोणासही’ असं असलं तर त्याचा अर्थ कोणासही. मुख्याध्यापकांना विचारायचं नसतं, शंका काढायची नसते. शंका काढणाऱ्यालाच नोटीस येते. मी त्या अटींची प्रिंट काढली, पंच मारून फाइलला लावली, त्या ओळीखाली लाल रेघ ओढली. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा नेहमीसारखे ऐकायला सरसावून बसले तेव्हा मी पॅड पिशवीत ठेवलं. म्हटलं, अण्णा, आता वाचता येणार नाही. तशी अट आहे.

अण्णाही सरकारी नोकरच. त्यांनी अट काय ते विचारलं, मी शब्दशः सांगितली. "मग नियम म्हंजे नियम," ते म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी खरं लिहितो. मला त्या वेळी वाईट वाटलं, पण त्याहून जास्त बरं वाटलं. माझ्या लेखनाला अट लागली होती. ते आता गाडीत कुणालाही ऐकवायचं राहिलं नव्हतं. कंडक्टरबाई पुढून ओरडल्या, "काय ओ सर, वाचन बंद?" तेव्हा मी असं काही हसलो की आठवलं तरी अंगावर काटा येतो. माणसाला मोठेपणा किती स्वस्तात चढतो.

त्यानंतरचे आठ महिने आम्ही त्याच सीटवर शेजारी शेजारी बसलो. अण्णा "काय, केली का सही?" विचारेनासे झाले. त्याऐवजी विचारायचे, "आलं का मुंबईचं?" मी नकारार्थी मान हलवायचो. कधी मी सकाळचं वाक्य अर्धवट राहिलं म्हणून बोरपाडळ्यानंतरही लिहीत असलो, तर अण्णा मुद्दाम मान वळवून खिडकीबाहेर बघत बसायचे. चुकून एखादी ओळ दिसू नये म्हणून. मी मात्र त्याच आठ महिन्यांत सहीचं प्रकरण लिहिलं. ज्यांनी ते मागितलं होतं ते हातभर अंतरावर बसलेले असताना लिहिलं. पूर्ण झालं त्या दिवशी मी ते एजंटबाईंना पाठवलं. अण्णांना फक्त एवढंच म्हणालो की झालं. ते म्हणाले, "झ्याक." आणि बोरपाडळ्याला उतरले.

जानेवारीअखेर अण्णा निवृत्त झाले. आमच्या पासवाल्यांत रीत होती की कुणी निवृत्त झालं की शेवटच्या दिवशी गाडीतच निरोप द्यायचा. कंडक्टरबाईंनी संध्याकाळच्या गाडीला पुढून झेंडूच्या माळा लावल्या होत्या. मलकापूर स्टँडवर चाकाला नारळ फोडला, पेढे वाटले. अण्णांना भगवा फेटा बांधला. ऑफिसातली शाल खांद्यावर होतीच, त्यामुळं ते नवरदेवासारखे दिसत होते आणि त्यांना त्याची लाज वाटत होती. गाडी सुटल्यावर भाषणं. चालत्या गाडीत दांडा धरून उभं राहून बोलायचं, तेही इंजिनाच्या वरताण. पंचायत समितीतले एकजण बोलले, दवाखान्यातल्या नर्सबाई बोलल्या. मग कंडक्टरबाई म्हणाल्या, "आता सर बोला. तुम्ही लिवणारं माणूस."

मी उभा राहिलो. दोन वाक्यं बोललो. अण्णांचं आणि माझं नातं वगैरे. ती वाक्यं मलाच इतकी खोटी वाटली की पुढं बोलवेना. अण्णा खाली मान घालून ऐकत होते, फेट्याचा शेमला पुढं आला होता. उद्यापासून ही सीट रिकामी. बोरपाडळ्याला हा माणूस उतरेल आणि त्यानं जे एकच मागितलं होतं ते माझ्या पिशवीतच राहील. मी वाकून पॅड काढलं. म्हटलं, भाषण नको, वाचतो. मुंबईची संधी गेली तर गेली, असंच माझ्या मनात होतं. मला तेव्हा खरोखर वाटत होतं की मी ती घालवतोय.

प्रकरण अठरा पानांचं. मी दांड्याला पाठ टेकवून, ओरडून वाचत होतो. गिरणीवाली भावाबरोबर तालुक्याला जाते. ऑफिसात गर्दी. कारकून बोट ठेवतो तिथं ती सही करते. पहिल्या सहीला कंडक्टरबाईंनी "घाण केली" असं म्हटलं, मग त्याही ऐकत राहिल्या. बांबवड्याला चढणारे चढले आणि त्यांना कुणीतरी हातानंच गप्प बसायची खूण केली. पैजारवाडी गेली तेव्हा मी अकराव्या पानावर होतो. मग बोरपाडळे आलं. गाडी थांबली. मी वाचायचा थांबलो. अजून पाच पानं होती.

"अण्णा, बोरपाडळं," कंडक्टरबाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

अण्णा उठले नाहीत. टपरीमागं त्यांची मोटारसायकल दिसत होती. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे ती. मला कोल्हापूरचं तिकीट द्या." त्या म्हणाल्या, आज तुम्हाला तिकीट माफ. अण्णांनी ऐकलं नाही. पास हितंवरच हाय, म्हणाले, आणि तिकीट घेऊन मुठीत धरलं. मला म्हणाले, "चालवा फुडं."

पुढं असं होतं. सही करून दोघं बाहेर येतात. भाऊ रिक्षा ठरवतो, एक पाय रिक्षात ठेवतो आणि विचारतो, रागावलीस का? ती नाही म्हणते. भावाला हायसं वाटतं आणि तो घाईनं पुढच्या कामाला निघून जातो. ती एकटी स्टँडकडं चालत जाते. चालताना तिच्या मनात जमीन नसते. तिच्या मनात एवढंच असतं की दादानं एकदाच विचारलं. एकदा विचारलं की कुणीही नाहीच म्हणतं. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

तिथं प्रकरण संपतं. वाघबीळ उतरून गाडी सपाटीला लागली होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते फार बरं झालं. मी सीटवर बसलो. माझा घसा गेला होता. अण्णांनी फेटा उतरवून मांडीवर ठेवला होता आणि त्याची घडी घालत होते. पुलाचे दिवे दिसेपर्यंत घालत होते. स्टँडवर उतरल्यावर त्यांनी मला विचारलं, पाचगावला जाणारी बस कुठं लागते? पाचगाव म्हणजे कोल्हापूरचीच कड; तिथं कोण, असं मी विचारलं नाही. मला कळलं होतं. मी त्यांना थांबा दाखवला. पिशवी, शाल, फेटा सगळं एका हातात धरून ते रस्ता ओलांडून गेले.

दुसऱ्या दिवशी मी एजंटबाईंना कबुलीपत्र लिहिलं. आपली अट माझ्याकडून मोडली गेली आहे, शेवटचं प्रकरण मी काल मलकापूरच्या गाडीत जवळपास चाळीस प्रवाशांसमोर मोठ्यानं वाचलं, योग्य ती कारवाई व्हावी. ‘योग्य ती कारवाई व्हावी’ असं मी खरंच लिहिलं होतं. तासाभरात त्यांचा फोन आला. त्या आधी हसल्या, मग थांबल्या. म्हणाल्या, "अहो, ती अट दुसऱ्या एजंटांसाठी असते. एकाच वेळी चारजणांकडं पाठवू नका, एवढंच. मित्राला वाचून दाखवायला कोण कशाला नाही म्हणेल? तुम्ही मला विचारायचं तरी." मी हो, हो म्हणत राहिलो. फोन ठेवल्यावर शाळेच्या प्रयोगशाळेत जाऊन बसलो. आठ महिने. रोज संध्याकाळी, बोरपाडळ्यापर्यंत. मला त्या दिवशी जेवढं वाईट वाटलं तेवढं नंतर त्यांचा नकार आला तेव्हाही वाटलं नाही. नकार उन्हाळ्यात आला, चांगल्या शब्दांत. कादंबरी आवडली, पण भाषांतरात ही बोली टिकणार नाही, तुम्ही थेट मराठी प्रकाशकांकडं जा. म्हणजे जुन्या दिवसांसारखं बाड घेऊन. एका प्रकाशकांकडं ते सध्या आहे. ते वाचत आहेत, असं ते म्हणतात.

जूनपासून माझी बदली संस्थेच्या कोल्हापुरातल्या शाखेत झाली. सगळ्यांनी अभिनंदन केलं. पायी सात मिनिटांवर शाळा. गाडी सुटली, लिहिणंही सुटलं. त्या रस्त्याची, इंजिनाच्या आवाजाची, "काय, केली का सही?" ची इतकी आठवण येते की कधी कधी रविवारी मी उगाच मलकापूरचं तिकीट काढून जातो आणि येतो. आता गाडीत बहुतेकांच्या कानात मोबाइलचे बोळे असतात. काय लिवताय, असं कुणी विचारत नाही. पान दीड पान लिहून होतं.

अशाच एका रविवारी मी बोरपाडळ्याला उतरलो आणि वडापच्या जीपनं कोडोलीला गेलो. अण्णा अंगणात होते. बरे दिसले, थोडे सुटले होते. मी आधी अटीचं खरं काय ते सांगून टाकलं. ते अंगणातल्या बाजेवर टेकले. मग म्हणाले, "म्हंजे आठ महिने मी खिडकीतनं उगाच बघत बसलो." माफी मागायला गेलो होतो, ते राहूनच गेलं. त्यांनीच चहा सांगितला.

चहा येईतो मी विचारलं, त्या दिवशी पाचगावला काय झालं?

"दार तिनंच उघडलं," अण्णा म्हणाले. "मला बगितलं आन् तिचं तोंड उतरलं. म्हणती कशी, दादा, कोण गेलं? कुणीतरी मेल्याबिगार मी तिच्या दारात गेलतोच कधी."

"मग?"

"मग काय. आत बसलो. इचारलं. पयल्यांदा न्हायच म्हणाली. मी पाणी पिलो. परत इचारलं."

ते थांबले. आतून कपबशांचा आवाज येत होता. मी पुढं सरकून बसलो होतो हे मला नंतर जाणवलं.

"दुसऱ्यांदा काय म्हणाली?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या खिशातल्या पेन्सिलीकडं बघितलं.

"ते न्हाय सांगणार, सर," ते म्हणाले. "तुम्ही लिवाल."

मी नाही लिहिणार, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. चहा आला. आम्ही दोघं तो प्यालो.